चिठ्ठीतलं वचन आणि पत्रातलं वचन

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या मंडळीत उपासना असते. बाराला घंटा होते, गळाभेटी होतात, केक फिरतो आणि केकच्या मागोमाग एक परडी फिरते. परडीत रंगीत दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या. एक उचलायची, त्यात बायबलातलं जे वचन निघेल ते आपलं वर्षभराचं. मग चर्चच्या आवारात, स्वेटर-मफलर सावरत, एकच प्रश्न: "तुला काय निघालं?"

काही वर्षांपूर्वी मला यिर्मया २९:११ निघालं होतं. तुमच्याविषयी माझ्या मनातले संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा आणि भवितव्य मिळावं म्हणून आहेत, असा त्याचा भाव. तेव्हा आमच्या फ्लॅटचा ताबा अडकला होता. हप्ता चालू, भाडंही चालू. चिठ्ठी वाचली आणि मी ह्यांना तिथंच सांगून टाकलं, "यंदा किल्ली मिळते बघा."

यंदा मिळाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली होती, ती पिवळी पडली. देव खोटं बोलला म्हणायची हिंमत नव्हती आणि माझं काही चुकलं असेल हेही पटत नव्हतं. शेवटी एका दुपारी मी ते करून पाहिलं जे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. बायबलचा अभ्यास म्हणजे काय हे मला त्या दुपारी कळलं. एकाच अध्यायावर ते नीट सांगता येतं म्हणून बराच वेळ तिथंच थांबणार आहे.

तो अध्याय म्हणजे पत्र आहे. लिहिणारा यिर्मया संदेष्टा, यरुशलेमेत. ज्यांना लिहिलं ते बाबेलमध्ये, म्हणजे आजच्या इराकात. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या राजानं यरुशलेमेवर स्वारी करून तिथला राजा, दरबारी, लोहार-सुतार असे कामाचे लोक उचलून नेले. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या देवळांच्या सावलीत बसलेल्या या माणसांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: घरी कधी जायचं?

याचं उत्तर आधीच्या, म्हणजे अठ्ठाविसाव्या अध्यायात एकानं दिलेलं आहे. हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयानं गुलामगिरीची खूण म्हणून मानेवर लाकडी जू घेतलेलं असतं. हनन्या ते सगळ्यांसमोर मोडून टाकतो. लोकांना कोण आवडलं असेल हे सांगायला नको. आणि त्यानंतर यिर्मयाचं पत्र जातं: घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करून द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. कारण बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन.

सत्तर! माझ्या चिठ्ठीतलं वचन या वाक्याच्या लगेच पुढचं आहे. म्हणजे "हिताचे संकल्प" ऐकणाऱ्या पहिल्या माणसांपैकी चाळिशीतल्या कुणालाही परतीची वाट दिसणार नव्हती. त्यांनी बाबेलमध्येच म्हातारं व्हायचं होतं, तिथंच मरायचं होतं. ज्या वचनावर मी वर्षभरात किल्ली मागत होते, ते मुळात "लवकर काही होणार नाही, बिऱ्हाड मांडा" असं सांगणाऱ्या पत्रात आहे. दोन वर्षांचा वायदा करणारा तो हनन्या होता, आणि मी चिठ्ठी यिर्मयाची उचलून वाचली हनन्यासारखी.

आता आपल्या मराठीची एक गंमत. आपण मोठ्या माणसालाही "तुम्ही" म्हणतो आणि चार जणांनाही "तुम्ही" म्हणतो. त्यामुळे चिठ्ठीतलं "तुमच्याविषयी" मी सरळ अंगाला लावून घेतलं, देव जणू आदरानं माझ्याशीच बोलतोय. पण मराठी बायबलात देव एकट्या माणसाशी बोलताना "तू" म्हणतो. मोशेला तू, खुद्द यिर्मयालाही तू. तेव्हा "तुम्ही" आलं की समोर घोळका आहे असं समजावं. हे वचन एका माणसाच्या वर्षफळाचं नाही, एका उखडलेल्या समाजाचं आहे.

आणि शब्द. मूळ हिब्रूत अकराव्या वचनात "शालोम" आहे: शांती, खुशाली, सगळं जागच्या जागी असणं. तोच शब्द सातव्या वचनात तीनदा येतो. नगराचं शालोम पाहा, कारण त्याच्या शालोममध्ये तुमचं शालोम आहे. चार वचनांच्या अंतरात देव सांगतो की माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, आणि ते हित तुम्हाला परक्या नगराच्या हितात सापडेल. आम्ही चिठ्ठीवर अकरावं वचन छापतो, सातवं छापत नाही. मला तर आता वाटतं, सातव्याशिवाय अकरावं म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

हिब्रू यायला हवी का? नाही. दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवून वाचली की जिथं शब्द बदलतो तिथं थांबायचं, एवढं पुरतं. आमच्या बुधवारच्या बैठकीत कुणाकडे बायबल सोसायटीची प्रत असते, कुणाच्या मोबाइलवर सोप्या मराठीतली, आणि एका आजींकडे पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची प्रत. रमाबाईंचं काम आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, दौंडजवळच्या केडगावातलं. संस्कृतात पारंगत असलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, कारण छापील बायबलाची मराठी तिच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना जड जायची. १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आलं, मुक्तीच्याच छापखान्यातून. "मला कुठं एवढं कळतंय" असं म्हणत पुस्तक मिटणाऱ्यांना मी केडगावची आठवण करून देते. अर्धा-पाऊण तास वाचायला आपल्याला व्याकरण शिकावं लागत नाही.

चिठ्ठीचा घोटाळा कसा होतो, त्याला आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या एका शब्दात लपलंय. जुनी मराठी ख्रिस्ती माणसं वचनाला "ओवी" म्हणतात: तिसरा अध्याय, सोळावी ओवी. ज्ञानेश्वरीतली ओवी ज्ञानेश्वरांनीच ओवी म्हणून रचली, ती उचलली तरी आपल्या पायावर उभी राहते. बायबलातल्या पत्रांचं तसं नाही. येशूचा प्रेषित पौल, त्यानं मंडळ्यांना पत्रं लिहिताना आकडे घातले नव्हते. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, आणि नव्या करारातल्या, म्हणजे बायबलाच्या येशूपासूनच्या भागातल्या, वचनांचे आजचे क्रमांक १५५१ मध्ये रोबेर एतिएन या मुद्रकानं दिले. सोय झाली, यात शंका नाही. पण आकडा दिसला की तिथं तोडता येतं असं वाटायला लागतं. आईच्या पत्रातलं चौथं वाक्य कापून आपण भिंतीवर लावत नाही.

भिंतीवरून आठवलं. माझा भाचा सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करतो. त्याच्या टेबलासमोर फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ चिकटवलेलं: मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो. पूर्वपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली तेव्हा त्यानं तो कागद काढला. मी त्याला म्हटलं, वरच्या दोन ओळी वाच. पौल तुरुंगात आहे आणि म्हणतोय, मला भरलेल्या ताटावर बसता येतं, उपाशीही राहता येतं. हाती असलं तरी आणि नसलं तरी कसं राहायचं ते मी शिकलोय. "सर्व काही" म्हणजे हे. पास व्हायचं बळ त्यात आहे की नाही ठाऊक नाही, नापास झाल्यावर दुसऱ्या दिवशी उठून मेसला जायचं बळ मात्र नक्की आहे. कागद परत लागला, या वेळी तीन वचनांचा. (जेवणाच्या उल्लेखामुळे लागला असावा, असा मला संशय आहे. त्याच्या मेसची आमटी मी चाखली आहे.)

दुसरी अडचण म्हणजे सगळं एकाच सुरात वाचणं. बायबल म्हटलं की एक जाड पुस्तक डोळ्यांसमोर येतं, पण प्रोटेस्टंटांकडे ती ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिकांकडे ७३. त्यात कायदे आहेत, वंशावळी, लढाया, प्रेमगीतं, म्हणी, शोकगीतं, पत्रं. आपण सातबारा वाचतो तसा अभंग वाचत नाही आणि पोवाड्यातले आकडे जमाखर्चात मांडत नाही, इथंही तेच. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, नाहीतर तूही तसाच होशील. आणि पुढचंच वचन म्हणतं, दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. हे हुकूम म्हणून वाचलं तर डोकं धरावं लागेल. म्हणी म्हणून वाचलं तर काहीच अडत नाही. बोलणाऱ्याची माती विकली जाते असं आपणच म्हणतो आणि मौनं सर्वार्थसाधनम् असंही आपणच म्हणतो. कोणती कधी, हे माणूस पाहून ठरवायचं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी बहुतेक वेळा चौथं वचन पाळते.

कायद्यांची पुस्तकं मात्र खरोखर अवघड. १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू केलेली वाचनं फेब्रुवारीत लेवीयमध्ये गारद होतात, हा आमच्या मंडळीतला दरवर्षीचा अनुभव. मीही तिथंच गारद व्हायचे. एका जुलैत काय झालं, आमच्या भाड्याच्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर ओल आली. हिरवट-काळपट चट्टे, कपाटातल्या साड्यांना वास. आणि त्याच आठवड्यात वाचनात लेवीय १४ आलं. तिथं चक्क घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उठले तर काय करायचं ते सांगितलंय! याजकाला, म्हणजे पुरोहिताला, बोलवा, घर सात दिवस बंद ठेवा, पसरलं असेल तर ते दगड काढा, गिलावा खरवडून गावाबाहेर टाका, नवा गिलावा करा. घरमालकाला वाचून दाखवायचा मोह झाला होता.

पण हसू ओसरल्यावर एक बारीक गोष्ट दिसली. छत्तिसाव्या वचनात आहे की याजक तपासायला आत जाण्याआधी घर रिकामं करायला सांगावं, म्हणजे घरातल्या वस्तू अशुद्ध ठरणार नाहीत. याजकानं पाहून शिक्का मारला की चट्टे उठलेल्या घरातलं सगळंच गेलं. म्हणून नियमच सांगतो, आधी भांडीकुंडी बाहेर काढू द्या. कुणा गरिबाचं मडकं, अंथरूण, धान्याची कणगी वाचावी म्हणून शुद्धतेच्या कडक नियमात सोडलेली ही फट. आज आपण भिंतीसाठी याजक बोलवत नाही, वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवतो. नियम जसाच्या तसा लागू नाही. पण नियम राबवताना ज्याच्यावर तो राबवायचा त्याचं कमीत कमी नुकसान व्हावं, ही काळजी जुनी झालेली नाही. जुन्या करारातले कायदे वाचताना मी आता हाच प्रश्न विचारते: हा नियम कुणाची काळजी घेतोय? दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही. काही पानं अजूनही माझ्या डोक्यावरून जातात आणि काही खटकतातही. ती खटकतात हे बैठकीत बोलून दाखवायची आमच्याकडे मुभा आहे, आणि बैठक टिकण्याचं ते एक कारण आहे.

किती वाचावं? नव्या करारात २६० अध्याय आहेत. शनिवार-रविवार सोडून रोज एक वाचला तर बरोबर ५२ आठवड्यांत संपतो. पहिल्यांदाच वाचणाऱ्यानं मार्कपासून सुरुवात करावी, १६ अध्यायांचंच आहे आणि भराभर चालतं. कॅथलिक घरात असाल तर मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली, रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात ठरलेली असतात. शनिवारी रात्री ती वाचून गेलात तर फादरांचं प्रवचन वेगळं ऐकू येतं. बाकी वेळ सकाळचा की रात्रीचा यावर लोक फार बोलतात. मी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये वाचते.

आता खरी मेख: वाचलं ते जगायचं कसं. अभ्यासवर्गात याला "लागूकरण" म्हणतात, आणि तिथं सगळ्यात जास्त वाफ दवडली जाते. "आपण अधिक प्रेम केलं पाहिजे", "आपण विश्वासात वाढलं पाहिजे". सगळे मान डोलावतात, प्रार्थना होते, चहा येतो. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी नियम घातला: लागूकरण सांगताना त्यात कुणाचं तरी नाव, एक वार आणि जमलं तर एक रक्कम पाहिजे. पहिल्या बुधवारी कुणी तोंडच उघडलं नाही.

यिर्मयाच्या पत्रावर हा नियम लावला तेव्हा आधी वाद झाला. आमच्यातले निम्मे नगरचे, बाकीचे जालना-सोलापूरकडचे. "मग पुणं म्हणजे आपलं बाबेल का?" असं कुणीतरी विचारलं आणि वाहतुकीवरून व्हायचे ते विनोद झाले. पण मास्तरांनी फरक मांडून दाखवला. आपल्याला कुणी बेड्या घालून आणलं नाही, आपण एसटीनं नोकरीला आलो. ते पत्र यहुदी लोकांचं. कॅम्पातल्या लाल देवळात, १८६७ पासून उभ्या असलेल्या त्या सिनेगॉगमध्ये, ज्या समाजानं प्रार्थना केली त्याच्या पूर्वजांचं. आपण ते शेजारी बसून ऐकतोय, एवढं भान ठेवायचं. साम्य मग काय? "गाव तिकडे, इथं काय आपण भाड्यानं" ही मनाची सवय. पंचवीस वर्षं पुण्यात राहून माझ्या बोलण्यात "आमच्याकडे" म्हणजे नगर. भाड्याचं घर म्हणून मी कुंडीसुद्धा आणली नव्हती. मळे लावा म्हणणाऱ्या पत्रासमोर हे जरा लाजिरवाणंच. शनिवारी मी कढीपत्ता आणि दोन गुलाब आणले. ओला-सुका कचरा वेगळा देणं मी तोवर दारावर येणाऱ्या ताईंच्या ओरडण्याला भिऊन करायचे. आता त्यात काचेचा तुकडा असला तर कागदात गुंडाळून वर पेननं लिहिते, कारण हात तिचे कापतात.

अनुवादाच्या पुस्तकानं जास्त खोल कापलं. (या नावाचा भाषांतराशी संबंध नाही, अनुवाद म्हणजे इथं पुन्हा सांगणं. मोशेनं नियम परत सांगितले म्हणून.) त्यातलं २४:१४-१५: गरीब मजुराला नाडू नको, तो आपला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरी वाटायला का सांगतो, तेही इथं उलगडतं. तो हा नियम पाळतोय.

बैठकीत प्रश्न आला, महिन्याच्या पगाराला सूर्यास्त कुठला? मास्तर म्हणाले, ठरलेली तारीख हाच सूर्यास्त. मग एकेकीनं हिशेब काढला. आमच्याकडच्या मावशींचा पगार एक तारखेचा ठरलेला. मी द्यायची पाच-सहाला. कधी सुटे नाहीत, कधी एटीएमला जायचं राहिलं, कधी "उद्या देते हं मावशी" आणि तो उद्या चार दिवसांनी. माझा स्वतःचा पगार एक दिवस उशिरा झाला तर मी बँकेचं अॅप दहा वेळा उघडते. आठ जणींपैकी सहा जणी उशिरा देणाऱ्या निघाल्या. त्यात दोघी मंडळीच्या महिला संघात पदावर.

तेव्हा नाव: मावशी. वार: एक तारीख, जो येईल तो. रक्कम: ठरलेली, पूर्ण. पुढच्या एक तारखेला मावशींनी भांडी घासायला घेतली तेवढ्यात मी पैसे पाठवले. त्यांचा फोन ओट्यावर वाजला. ओले हात पदराला पुसून त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"एक तारखेलाच? गावाला चाललात का ताई?"

मी म्हटलं, नाही, आता दर महिन्याला असेच येतील. त्या पुन्हा भांड्यांकडे वळल्या. थोड्या वेळानं, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, "मग ते सुट्ट्यांचे पैसे कापता, त्याचं पण बघा की."

मी ते बुधवारी बैठकीत सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मास्तरांनी निर्गमाचा तेविसावा अध्याय काढायला सांगितला, बारावं वचन: सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी थांब, म्हणजे तुझ्या बैलाला-गाढवाला विसावा मिळेल, आणि तुझ्या दासीचा मुलगा व परका यांच्याही जिवाला आराम पडेल. "यात पैसे कापायचं कुठं लिहिलंय?" एक जण म्हणाली. "न कापायचंही कुठं लिहिलंय?" दुसरी म्हणाली. साडेनऊ वाजले तरी ते मिटलं नव्हतं. चहा गार झाला होता.